चंद्रीच्या कपाळावर ठेवलेला हात

"चाचा, ह्या गाडीचा आवाज मला बटणावर पाहिजे," इंद्रजित म्हणाला. "दाबलं की बोंबलली पाहिजे. परत दाबलं की गप."

मी तेव्हा एका टेम्पोखाली खड्ड्यात उभा होतो. मान वर काढून बघितलं तर दारात लाल गाडी. दोनच दारं, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं सायलेन्सरचं दुकान. ट्रकपासून फटफटीपर्यंत सगळ्यांची नळकांडी मी जोडलीत, पण असलं पाखरू माझ्या दारात कधी उतरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले.

"बोंबलायला कशाला पाहिजे रे? पुण्यातली माणसं वळून बघत न्हाईत व्हय?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "चंद्रीसाठी," म्हणाला.

चंद्री म्हणजे दौलूआण्णा चौगल्यांची म्हैस. बाहेरगावच्या माणसाला हे जरा फोड करून सांगायला पाहिजे. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, कवड्यांच्या माळा घालायच्या, मोरपिसं खोवायची आणि मालकानं मोटारसायकलवर बसून पुढं निघायचं. म्हैस मागनं पळत येते. दोरी नाही, काठी नाही, नुसता आवाज. त्यासाठी सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकतात. तिला आम्ही पुंगळी म्हणतो. पुंगळी निघाली की गाडी अशी फुटते की पलीकडच्या गल्लीतलं तान्हं पोर दचकतं. शंभर गाड्या एकदम फुटत असल्या तरी म्हैस आपल्या घरचा आवाज बरोबर धरते. दौलूआण्णा माझा जुना दोस्त; त्यांच्या येझदी मोटारसायकलच्या पुंगळ्या वीस वर्षं मीच काढत होतो. त्या वर्षी वैशाखात आण्णा गेले.

मागं दोन पोरं राहिली. थोरली हौसा, चाळिशीची, नवऱ्याचं घर कधीच सोडून आलेली. आण्णा अंथरुणाला खिळले तेव्हापासून गोठा तिनं एकटीनं ओढला. धाकटा इंद्रजित पुण्यात जागांच्या व्यवहारात. गोठा होता त्याच्या नावावर. म्हशी विकायच्या आणि गोठा पाडायचा, असं त्यानं तेराव्यालाच सांगून टाकलं. हौसा सगळ्याला हो म्हणाली. फक्त चंद्रीवर अडून बसली.

"तिला मी हातानं वाढवलीय. ती जाणार न्हाई," म्हणाली.

"तिला चांगलं गिऱ्हाईक आलंय आक्का, एसीत ठेवतील तिला!" इंद्रजित म्हणाला.

"मग तूच जा की एसीत!"

भांडण गल्लीभर झालं. शेवटी तालमीचे गणपा वस्ताद मध्ये पडले. पाडव्याला मैदानात चंद्रीला मधोमध उभी करायची. एका अंगाला हौसा आण्णांच्या येझदीवर, दुसऱ्या अंगाला इंद्रजित आपल्या गाडीत. जिकडं म्हैस जाईल, त्याची ती. तोवर महिनाभर चंद्रीला दोन्ही आवाजांची सवय लावायची, सकाळ हौसाची आणि संध्याकाळ इंद्रजितची. दोघांनी वस्तादांच्या पायाला हात लावून कबूल केलं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते काम घेतलं. हौसाच्या पोटावर पाय येतोय हे कळत होतं, पण मिस्त्रीची जात वाईट. अवघड काम दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नाही.

गाडी रॅम्पवर चढवली. सायलेन्सरच्या अलीकडं पाइप कापला, तिथं वाय आकाराचा तुकडा आर्गन वेल्डिंगनं जोडला. वायच्या एका पायातून धूर सरळ सायलेन्सरकडं, दुसऱ्या पायाच्या तोंडाशी झडप, आणि झडपेच्या कानाला हाताच्या मुठीएवढी मोटर. झडप बंद असली की गाडी शहाण्यासारखी गुरगुरते. उघडली की इंजिनाचा सगळा दम सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. वायर गरम पाइपापासून लांबनं वळवून आत घेतली, मध्ये फ्यूज टाकला, स्टेअरिंगच्या शेजारी बटण बसवलं. शिवाय किल्लीच्या जुडग्याला लावायचे दोन छोटे रिमोट होते. एक त्याला दिला. दुसरा मी ठेवून घेतला. म्हटलं, काही बारीकसारीक बघायचं राहिलं तर असावा.

"आता ऐक," मी त्याला सांगितलं. "झडप फार वेळ उघडी ठेवून रेस करायची न्हाई. मधनंमधनं बंद-चालू करत जा. न्हाईतर काजळी धरती आणि जागच्या जागी आखडती. मग मोटरनं कितीबी जोर लावू दे, हलायची न्हाई."

"हां हां चाचा, कळलं," म्हणत त्यानं बटण दाबलं. दुकानाचे पत्रे थरथरले. शेजारचा पेंटर ब्रश टाकून बाहेर आला. मला एवढा आनंद झाला की पैसे मागायचे सुद्धा मी विसरलो.

आठ दिवसांनी संध्याकाळी काम कसं चाललंय ते बघायला गल्लीत गेलो. इंद्रजितनं गाडी बोळाच्या तोंडाशी लावली, बटण दाबलं, आणि खाली उतरून घमेल्यात पेंड आणि गुळाचा खडा ठेवला. चंद्री गोठ्यातनं निघाली ती थेट गाडीपाशी. त्यानं आवाज बंद केला, गाडी पुढं नेली, परत बटण. परत चंद्री मागं. जनावराला गोडाची चटक लागायला किती वेळ लागतो?

हौसा उंबऱ्यावर बसली होती. गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"काय झालं ग?" मी विचारलं.

"काय व्हतंय? येझदीवरनं पडले." ती चंद्रीकडंच बघत होती. "चार दिवसांत तिसऱ्यांदा. मला क्लच सुटत न्हाई, चाचा. गाडी मधीच बंद पडती, आणि ती बया माझ्याकडं बघून रवंथ करत उभी ऱ्हाती. आण्णा कसा सोडत हुते क्लच?"

आण्णांची पोर मला क्लच विचारत होती आणि मी तिच्या भावाला तोफ बसवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी ती येझदी ढकलत दुकानात आली. चार किलोमीटर, लंगडत.

"त्याचं काम केलासा ते केलासा," म्हणाली. "तुमचा धंदा हाय. माझ्या पुंगळ्या तेवढ्या काढून द्या, आण्णांच्या काढत हुतासा तशा."

मी काढल्या. कार्ब्युरेटर साफ केला, क्लचची तार बदलली, आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिला रोज दुपारी तास-तासभर शिकवलं. पदर कंबरेला खोचून ती किक मारायची, दात-ओठ खात. एकदा टेबलावर पडलेला रिमोट तिनं उचलून बघितला.

"ह्ये काय?"

"इंद्रजितच्या झडपेचं. जोडीतला एक त्याच्याकडं, एक माझ्याकडं."

"म्हंजे हितनं दाबलं तरी तिकडं बंद हुतंय?"

"पन्नास पावलांवरनं होतं."

तिनं रिमोट जागेवर ठेवला. मी तोवर तो विचार केला नव्हता, अल्लाशप्पथ. पण त्या दिवसापासून डोक्यात किडा शिरला. जेवताना तोच, वेल्डिंग करताना तोच. दोनदा तर मी तो रिमोट भंगारच्या डब्यात टाकला आणि दोनदा परत काढला. बायको म्हणाली, "काय हरवलंय काय तुमचं?" मी म्हटलं, काही नाही.

पाडवा उजाडला. दुपारी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. हलग्या कडकडत होत्या, तीस-चाळीस मोटारसायकली फुटत होत्या, म्हशींच्या शिंगांवरची मोरपिसं धुरात हलत होती. खिशात रिमोट होता. कशाला घेतला, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वस्तादांनी मधोमध चंद्रीला धरलं होतं. काय नटली होती! पायात चाळ, गळ्यात कवड्या, आणि पाठीवर हौसानं चुन्यानं आण्णांचं नाव काढलेलं. पूर्वेला चाळीस पावलांवर इंद्रजितची लाल गाडी, काच खाली. पश्चिमेला तेवढ्याच अंतरावर येझदीवर हौसा, नवं लुगडं नेसून. मी गाडीच्या मागच्या अंगाला, गर्दीच्या पहिल्या रांगेत. वस्तादांनी हात वर केला. इकडं इंद्रजितनं बटण दाबलं, तिकडं हौसानं किक मारली, पहिल्या किकेला गाडी सुरू झाली, आणि निळा धूर तिच्या अंगावर पसरला. मला बरं वाटलं.

वस्तादांनी दावं सोडलं.

चंद्रीनं मान वर केली. आणि गाडीकडं निघाली.

एक पाऊल. दुसरं. तिसरं. पेंड आणि गूळ, दुसरं काय. पलीकडं धुरात हौसाचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण ती हँडलवर पुढं वाकली होती. लहानपणी आण्णा घरी यायची वाट बघताना दाराच्या कडीला धरून अशीच वाकायची. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. खिशातनं हात काढला, रिमोट गाडीकडं धरला आणि दाबला.

चंद्री थांबली.

कान फडफडवले. मागं वळली. आणि मग ती अशी सुटली की चाळ तुटून पडले. थेट हौसापाशी जाऊन तिनं तिच्या पोटात तोंड घुसवलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी गुलाल उधळला. रिमोट मी परत खिशात टाकला.

इंद्रजितनं इंजिन बंद केलं आणि दार आपटून बाहेर आला.

"हे खरं धरायचं न्हाई! मशीन बंद पडलं माझं! आवाजच गेला मधनं! परत घ्या वस्ताद!"

इतक्या गोंगाटात एका गाडीचा आवाज गेला का राहिला, कोण सांगणार? माझ्याही कानात नुसत्या हलग्या होत्या. निम्मे लोक म्हणाले गेला, निम्मे म्हणाले होता. वस्तादांनी हात वर करून सगळ्यांना गप केलं.

"मशीन ज्यानं बसवलं त्याला इचारू. बाबालाल, पुढं ये."

पुढं गेलो.

"तू तिथंच हुतास. आवाज चालू हुता का बंद?"

मला वाटलं, बोलू नये. मला वाटलं, खरं सांगून मोकळं व्हावं. पण परत घेतलं तर चंद्री गाडीकडंच जाणार, हे मी तीन पावलं बघितलं होतं. संध्याकाळी तिला न्यायला टेम्पो येणार, हेही गल्लीला ठाऊक होतं.

"चालू हुता," मी म्हणालो.

"असं न्हाई," वस्ताद म्हणाले. "हिच्या कपाळावर हात ठेवून सांग. दौलूची म्हैस हाय ही. तुझा दोस्त हुता तो."

हौसा चंद्रीच्या गळ्याला धरून उभी होती. माझ्याकडं बघत होती, पापणी न हलवता. मी चंद्रीच्या कपाळावरच्या पांढऱ्या चांदावर तळहात ठेवला. कपाळ गरम होतं.

"चालू हुता," मी म्हणालो. "शेवटपर्यंत चालू हुता."

"संपलं," वस्ताद म्हणाले. "चंद्री हौसाची."

हलग्या परत कडकडायला लागल्या, त्या कल्लोळात इंद्रजित गाडीत बसला आणि निघून गेला.

घरी जाऊन मी चारदा हात धुतले. आयुष्यात मी उधारीवरनं खोटं बोललोय, गिऱ्हाईकाला "उद्या देतो" म्हणून सतरा वेळा खोटं बोललोय, पण मेलेल्या दोस्ताच्या जनावराच्या कपाळावर हात ठेवून कधी नाही.

भाऊबीजेला सकाळी दुकान उघडलं आणि लांबनं आवाज आला. पत्रे थरथरायला लागले. लाल गाडी दारात येऊन थांबली, बोंबलत. माझ्या डोक्यात काही शिरेना. मी तर बंद केलेली!

"बंदच होत न्हाई," इंद्रजित खाली मान घालून म्हणाला. "कालपासनं अशीच हाय. पोलिसांनी दोनदा अडवलं. पुण्याला कसं जाऊ?"

रॅम्पवर घेतली. खाली शिरून बघितलं. झडप सताड उघडी, काजळीनं पाइपाला चिकटून बसलेली. शेवटी शेवटी तर त्यानं नुसतं उघडं ठेवून रेस केलं होतं, माझं ऐकलं कुठं होतं? मग फ्यूज काढला. जळालेला. मोटरनं बंद करायला जोर लावला होता, झडप हलली नव्हती आणि फ्यूज उडाला होता. म्हणजे मी दाबलेलं बटण मोटरपर्यंत पोचलं होतं. झडपेपर्यंत पोचलं नव्हतं.

मी गाडीखालीच बसून राहिलो.

"चाचा," तो वरनं म्हणाला. "काल तुम्ही खरं बोललासा. आवाज चालूच हुता. मी आत बसलेला, मला कळणार न्हाई व्हय? तीन पावलं आली आणि वळली, मला सहनच झालं न्हाई. आण्णांच्या मागनं पळताना ती कधी अशी वळली नव्हती." त्यानं बॉनेटवर थाप मारली. "काढून टाका ते. पाइप बुजवा."

मी काढलं, पाइप बुजवला. गाडी शहाण्यासारखी गुरगुरत गेली. भाऊबीज होती, म्हणून मी त्याला म्हटलं, जाताना घरावरनं जा. गेला की नाही ते मला माहीत नाही.

मी खोटं बोलायला गेलो आणि तोंडातनं खरं निघालं. सुटलो म्हणायचं ना? पण तसं झालं नाही. त्या दिवसापासून गल्लीत माझ्या शब्दाला वजन आलं. बांधावरनं भांडण असो, सोयरीक असो, लोक म्हणायचे, बाबालाल मिस्त्रीला बोलवा, तो भावकी बघत नाही, म्हशीच्या कपाळावर हात ठेवून खरं बोललेला माणूस आहे. दोन माणसांच्या मध्ये मला खुर्ची टाकायचे. मी बसायचो, आणि खुर्ची टोचायची. रिमोट टेबलाच्या खणात होता. टाकवत नव्हता, ठेववत नव्हता.

बारा वर्षं गेली. मागच्या दिवाळीच्या आधी हौसा येझदी घेऊन आली. आता ती बसून आली, ढकलत नाही. केस पिकलेत. चंद्री उन्हाळ्यात म्हातारपणानं गेली होती.

"काढा पुंगळ्या," म्हणाली. "चंद्रीच्या लेकीला यंदा पहिल्यांदा पळवायची हाय."

मी पाना घेतला आणि खाली ठेवला. खणातनं रिमोट काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"हौसा, त्या दिवशी मी बटण दाबलं हुतं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"बघितलं की मी. तुमचा हात खिशातनं निघाला, गाडीकडं गेला. म्हटलं, चाचांनी आवाज बंद केला." तिनं पदरानं हँडल पुसलं. "मला तसली म्हैस नको हुती, चाचा. चोरून आणायची असती तर इतक्यांदा पडले असते कशाला? म्हणून मीबी चावी फिरवली. येझदी बंद केली."

"चावी फिरवलीस?" मी म्हणालो.

"कुणाला कळलं न्हाई, धूर हुता. मी म्हटलं, दोन्ही गप, आता बघू कुठं जाती. ती थांबली. वळून बघितलं माझ्याकडं, आण्णांची गाडी का बंद पडली म्हणून. आणि आली." ती हसली. "नंतर तुम्ही कपाळावर हात ठिवून 'चालू हुता' म्हणालासा, तवा मी गप बसले. बोलले असते तर तुमची शपथ खोटी पडली असती. माझ्यापायी घेतलेली."

"हौसा," मी म्हणालो. "माझी शपथ खोटी नव्हती. झडप आखडलेली. मी दाबलं, पण बंद झालीच न्हाई. इंद्रजितनं स्वतः सांगितलं मला. त्याची गाडी शेवटपर्यंत बोंबलत हुती."

ती टायरच्या थप्पीवर हळूच बसली.

"म्हंजे गाडी बोंबलत हुती," ती म्हणाली, "आणि मी गप."

"व्हय."

"आणि ती माझ्याकडं आली."

"व्हय ग."

तिनं तोंडाला पदर लावला. हसतीय की रडतीय कळेना, खांदे हलत होते. मी पाणी दिलं, ते हातातच धरून बसली. मी दाबलं नसतं तर तिनं चावी फिरवली नसती. ती फिरवली नसती तर चंद्री वळली असती का? हे मी तिला विचारलं नाही. मलाच अजून उत्तर सापडलेलं नाही. पडल्या पडल्या अजून ती तीन पावलं मोजतो.

मग ती उठली. डोळे पुसले, रिमोट उचलून माझ्या भंगारच्या डब्यात टाकला आणि येझदीवर बसली.

"पुंगळ्या काढायच्या न्हाईत?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्यात," ती म्हणाली. "लेक तिचीच हाय."

तिनं किक मारली. गाडी हलक्या आवाजात सुरू झाली आणि ती घरी गेली.